वीट, विटा, विटी : जुन्या ठाणे जिल्ह्यातील अक्षरसाधनांचा मागोवा

लेखन-वाचनाच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना छापखाने, शाळाखाती, अभ्यासक्रम आणि कायदे यांची नोंद सहसा काटेकोरपणे घेतली जाते. पण मूल ज्या वस्तूला प्रत्यक्ष हात लावून वाचायला शिकते, ती वस्तू त्या इतिहासातून बहुधा निसटून जाते. धूळ पसरलेली फळी, ओंजळभर चिंचोके, जुन्या पुठ्ठ्यातून कापलेली अक्षरे ही साधने फुकटात किंवा नाममात्र खर्चात तयार होत असल्यामुळे ती कोणी जपून ठेवली नाहीत, त्यांच्या खरेदीच्या पावत्या दप्तरात गेल्या नाहीत आणि वर्ष संपले की ती केराबरोबर बाहेर पडली. त्यामुळे भाषेत उरलेल्या खुणांवरून, शिक्षकांच्या कार्यावरून आणि रूढ शाळा अपुरी पडली तेव्हा झालेल्या प्रयोगांवरूनच त्यांचा माग काढावा लागतो.

या शोधासाठी भिवंडी आणि तिच्याभोवतीचा जुना ठाणे जिल्हा हे क्षेत्र विशेष उपयोगी पडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत भिवंडी, वसई, वाडा, डहाणू हे तालुके एकाच जिल्ह्यात होते, आणि मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असूनही शाळेत न टिकणारी, टिकली तरी वाचनात मागे पडणारी मुले याच जिल्ह्यात मोठ्या संख्येने होती. मागावर राबणाऱ्या कुटुंबांतील, वीटभट्टीवरील आणि गुरांमागे रानात फिरणाऱ्या मुलांसाठी जे काही करायचे ते अल्प खर्चातच करावे लागणार होते. त्यामुळे शब्दघडणीच्या साध्या साधनांची परंपरा येथे अनेकदा खंडित होऊनही पुन्हा पुन्हा नव्याने उभी राहिली. शब्दघडण म्हणजे सुटी अक्षरे आणि स्वरचिन्हे हाताने जुळवून शब्द तयार करणे, तो मोडणे आणि त्यातला एखादाच भाग बदलून दुसरा शब्द उभा करणे. ही कृती केवळ अक्षर गिरवण्यापेक्षा वेगळी आहे, आणि या दोहोंतील फरक ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहासाचे मर्म कळत नाही.

पंतोजींच्या शाळेचे पहिले साधन धूळपाटी हे होते. लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटकरीची पूड पसरली जाई, पंतोजी तीवर बोटाने अथवा काडीने अक्षर काढत आणि मूल त्या वळणावरून पुन्हा पुन्हा हात फिरवी. अक्षर पुसट झाले की फळी हलवून धूळ सारखी केली जाई. या अक्षरांना धुळाक्षरे म्हणत. हात स्थिरावल्यावर मुलाला बोरू आणि कागद मिळे, मग नमुन्याचा कित्ता, आणि पुढे बाळबोध लिपीबरोबर व्यवहाराची मोडी लिपी असा क्रम चाले. आरंभी म्हणावयाचे ‘ॐ नमः सिद्धम्’ हे वचन मुलांच्या तोंडी ‘ओनामासिधं’ असे झाले, आणि त्याचा अर्थ लोपल्यावरही ‘ओनामा’ हा शब्द कोणत्याही कामाच्या आरंभासाठी मराठीत कायमचा राहिला.

धूळपाटीचे गुण उघड आहेत. तिला खर्च नाही, तीवरची चूक क्षणात पुसता येते, आणि अक्षराचे वळण डोळ्यांबरोबर बोटांतही मुरते. वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी बोटाने शब्द गिरवण्याचा उपाय अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रेस फर्नाल्ड यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शास्त्र म्हणून मांडला. मराठी मुलखात ती रोजची रीत होती. तथापि तिची मर्यादाही तेवढीच उघड आहे. धुळीतले अक्षर उचलता येत नाही, दुसऱ्या अक्षराशेजारी नेऊन ठेवता येत नाही, त्यामुळे मूल अक्षर घोटते पण शब्द घडवत नाही. मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे हा दीर्घ क्रम पार पडेपर्यंत अर्थ असलेला शब्द मुलाच्या वाट्याला क्वचितच येई, आणि ज्यांना शेतीच्या किंवा मागाच्या कामासाठी मध्येच शाळा सोडावी लागे त्यांच्यापाशी अक्षरांचे वळण उरे, वाचन उरत नसे.

उचलता येण्याजोगी अक्षरे जगात फार पूर्वीपासून होती, पण ती श्रीमंतांच्या घरची होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने लहान मुलांना हस्तिदंती अक्षरे खेळायला द्यावीत अशी शिफारस केली होती, आणि इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ साली फाशांच्या बाजूंवर अक्षरे चिकटवून त्यांचा खेळ करण्याचा उपाय सुचवला होता. उलट दिशेने, स्वस्त साधनाचा एक प्रवास हिंदुस्थानातून विलायतेला झाला. मद्रासच्या एगमोर येथील लष्करी अनाथालयाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने एका देशी शाळेतील मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले, ती रीत आपल्या अनाथालयात आणली, मोठ्या मुलाने लहानाला शिकवावे ही पद्धत तिला जोडली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तान्त छापला. ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडभर पसरली, आणि मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या शाळा व शाळापुस्तक मंडळीच्या द्वारे विलायती शिक्क्यानिशी या प्रांतात परत आली.

पुढच्या काळात छापील क्रमिक पुस्तक आणि दगडी पाटी यांनी धूळपाटीची जागा घेतली. छापखान्यात कामगार सुटे खिळे एकेक करून उचलत आणि हाताने शब्द जुळवत. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने तर देवनागरी खिळ्यांची देखणी घडण देशभर पोचवली. शब्दघडणीची कृती अशा रीतीने मुंबईच्या छापखान्यांत अहोरात्र चालू असताना शाळेतल्या मुलापर्यंत मात्र तिचे फळ तेवढे पोचत होते. पुस्तकातला शब्द पूर्ण जुळून, बंदिस्त होऊन समोर येई. तो कसा जुळला हे मुलाला स्वतःच्या हातांनी करून पाहता येत नसे.

देवनागरीच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण ही लिपी इंग्रजीप्रमाणे अक्षरांची सरळ माळ नाही. एकेका व्यंजनाला बारा स्वररूपे लागून बाराखडी होते; परंपरेने मोजलेली चौतीस व्यंजने घेतली तर ४०८ रूपे होतात, आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. (शासनाने २००९ साली वर्णमालेत ॲ आणि ऑ हे स्वर समाविष्ट केल्यानंतर काही पुस्तकांत चौदाखडीही दिसू लागली.) स्वरचिन्हे व्यंजनाच्या उजवीकडे, वर, खाली अशी चहूबाजूंनी लागतात, ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. ही ४०८ रूपे पाठ करायची म्हटली तर तो डोंगर होतो. थोडी व्यंजने आणि मूठभर चिन्हे यांच्या जुळणीचा नियम हाताला कळला तर तोच डोंगर लहान होतो. मराठी मुलाच्या वाचनातली खरी अडचण आणि तिच्यावरचा उपाय या दोन्ही गोष्टी या एका मुद्द्यात सामावलेल्या आहेत.

भिवंडीत या अडचणीला आणखी एक पदर होता. १८५७ नंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, आगरी आणि कुणबी शेतकरी, वारली आणि कातकरी आदिवासी अशा समाजांनी हे गाव आणि तालुका घडवला. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर कापडाचे पुष्कळसे काम येथील मागांकडे वळल्याने कामगारांची भर पडत राहिली. परिणामी नगरपालिकेला, आणि पुढे भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेला, मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागल्या. उर्दू लिपीत बहुतेक अक्षरांचे रूप शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी बदलते, तर तेलुगूत जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा खाली लटकते. म्हणजे एकाच गल्लीतील तीन मुले तीन निरनिराळ्या तऱ्हांनी शब्द जुळवायला शिकत होती. घरी अवधी किंवा भोजपुरी बोलणारे मूल उर्दूतून शिके आणि मराठी हा विषय म्हणून वाची. कातकरी मुलाच्या कानी असलेली बोली आणि पुस्तकातली प्रमाण मराठी यांतही बरेच अंतर होते. जुळवलेला शब्द उच्चारताच ओळखीचा वाटला तरच जुळणी बरोबर झाल्याची खात्री मुलाला आपोआप पटते. शब्दच अनोळखी असेल तर मूल अक्षरे लावून दाखवते, पण आपण काय वाचले हे त्याला कळत नाही.

सुटी अक्षरे गरीब मुलांच्या हाती देण्याचा पहिला शास्त्रशुद्ध प्रयत्न इटलीत झाला. मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये मंदबुद्धी ठरवल्या गेलेल्या मुलांसाठी काम करताना इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या साधनांचा अभ्यास केला, बोट फिरवण्यासाठी अक्षरे करवून घेतली, आणि त्या मुलांना वाचता येऊ लागल्यावर ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या कामगारवस्तीत बालगृह उघडले. खरखरीत कागदाची अक्षरे आणि चल अक्षरमाला, म्हणजे स्वर व व्यंजने दोन रंगांत कापून खणांच्या पेटीत ठेवलेला संच, ही त्यांची दोन प्रसिद्ध साधने होत. पहिल्यात धूळपाटीचे तत्त्व होते. दुसऱ्याने धूळपाटीत जे नव्हते ते दिले. जी साधने पुढे सुखवस्तू घरांच्या बालकमंदिरांची खूण बनली, ती मुळात मागे पडलेल्या मुलांसाठी जन्मली होती, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हा विचार भावनगरच्या वाटेने मराठीत आला. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढले. परंतु मुंबईतल्या मध्यमवर्गीय मुलांपुरते हे काम राहिल्याची खंत त्यांना होती, आणि २४ डिसेंबर १९४५ रोजी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी ग्रामबालशिक्षा केंद्र उभे राहिले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या.

बोर्डीत पहिल्या महिन्यांतच दोन गोष्टी उघड झाल्या. गरिबांच्या वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, म्हणून बालवाडीनेच त्यांच्या अंगणात गेले पाहिजे, या निष्कर्षातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि हा शब्द घडला. पुढे १९७५ पासून देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना हेच नाव लाभले. दुसरी गोष्ट साधनांची होती. मॉन्टेसरींचा लाकडी संच महाग होता, त्याचा एखादा तुकडा हरवला तर तो खेड्यात मिळत नव्हता, आणि तुटेल या भीतीने शिक्षिका तो कपाटात ठेवण्याचा संभव होता. ताराबाईंनी साधनामागचे तत्त्व ठेवले आणि वस्तू बदलली. समुद्रकिनाऱ्यावरचे शंखशिंपले, चिंचोके, गुंजा, खडे, पाने, माती आणि बांबू यांतून मोजणीची, प्रतवारीची आणि अक्षरांची साधने तयार होऊ लागली. चिंचोके ओळीने मांडून काढलेल्या ‘ग’चे वळण बोटांना कळते, ते विसकटून त्याच चिंचोक्यांचा ‘म’ करता येतो, आणि चिंचोके संपले तर मूल झाडाखालून ते आणू शकते. साधन स्वतः गोळा करण्याचा हा अधिकार विकतच्या पेटीत नव्हता.

केंद्र पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा प्रश्न अधिक बिकट झाला. वारली मुले सकाळी गुरे घेऊन रानात जात, त्यामुळे शिक्षकच त्यांच्यामागे कुरणात गेले. या प्रयोगाला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मोठी बहीण शाळेला मुकू नये यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देण्यात आली. परंतु या गौरवापेक्षा शिक्षणाच्या इतिहासाला मोलाची ठरते ती त्यांच्या कामाची मांडणी. तीत साधन स्वस्त होते, पण त्या साधनाशेजारी बसणारे माणूस प्रशिक्षित होते आणि मूल जेथे असेल तेथे जायला तयार होते.

भिवंडी तालुक्यात हाच प्रश्न वीटभट्ट्यांच्या रूपाने उभा होता. मुंबई आणि ठाणे परिसरातील बांधकामांना विटा पुरवणाऱ्या भट्ट्या भिवंडी, कल्याण, वसई, शहापूर या तालुक्यांत पसरल्या होत्या, आणि दिवाळीनंतर कातकरी व वारली कुटुंबे मुलाबाळांसह तेथे मुक्कामाला जात ती पावसाच्या तोंडावर परत येत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, म्हणजे पहिलीतले मूल वर्णमालेच्या निम्म्यावर येते न येते तोच शाळेतून जाते आणि पुढच्या जूनमध्ये बहुतेक विसरलेले परतते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना या संस्थांनी वेठबिगारीविरुद्ध लढा देताना हा प्रश्न जवळून पाहिला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भट्टीवरच शाळा भरवण्यास आरंभ केला. विटा रचून मजूर जी तात्पुरती झोपडी उभी करतात तिला ‘भोंगा’ म्हणतात. त्यावरून या शाळांना ‘भोंगाशाळा’ हे नाव मिळाले. फळा, बाके, भिंत यांपैकी काहीही गृहीत धरता येत नसल्यामुळे येथे पुन्हा एकदा जमीन हीच पाटी झाली. आणि ज्या विटकरीच्या पुडीत पंतोजींची मुले धुळाक्षरे काढत तीच पूड भट्टीवरच्या मुलांच्या पायांखाली होती.

याच विटेचे नाव वाचनशिक्षणाच्या इतिहासात आणखी एका ठिकाणी येते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी निरक्षर कामकऱ्यांना शिकवताना त्यांच्या जगण्यातले थोडे शब्द निवडले, आणि एकेक शब्द फोडून त्याच्या प्रत्येक अक्षराची पाचही स्वरांतली रूपे एका पत्त्यावर मांडली, म्हणजे शिकणारा त्यांतून नवे शब्द स्वतः जुळवी. आपल्या ग्रंथात त्यांनी याचे जे उदाहरण दिले ते ‘तिजोलो’ या शब्दाचे, आणि पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ वीट. पोर्तुगीजला नव्याने शोधावी लागलेली ही मांडणी म्हणजे मराठीची बाराखडीच होय. भेद एवढाच की पंतोजींच्या बाराखडीला आरंभ होता आणि शेवट होता, पण तिच्यातून शब्द काढण्याचा खेळ नव्हता.

तो खेळ मराठीत किती सहज होतो हे ‘वीट’ याच शब्दावर पाहता येते. बुटांच्या किंवा कापडाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन ‘व’ आणि ‘ट’ यांचे प्रत्येकी दोन चौकोनी पत्ते कापावेत, काना, ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी यांच्या अरुंद पट्ट्या कराव्यात, आणि शिरोरेषा सगळ्यांवर एकाच उंचीवर ओढावी, म्हणजे जुळणी नीट बसते. दोन व्यंजने शेजारी ठेवली की ‘वट’ होतो. ‘व’ला काना दिला की ‘वाट’, ‘ट’लाही दिला की ‘वाटा’, दुसरा काना काढून दीर्घ वेलांटी लावली की ‘वाटी’. ‘व’चा काना काढून तेथे दीर्घ वेलांटी ठेवली आणि ‘ट’ मोकळा सोडला की ‘वीट’ होते. आता एकीच्या अनेक करायच्या तर ‘ट’ला काना द्यावा लागतो आणि त्याच वेळी ‘व’ची दीर्घ वेलांटी उचलून तिच्या जागी ऱ्हस्व ठेवावी लागते, तेव्हा ‘विटा’ होतात. आणि काना काढून ‘ट’ला दीर्घ वेलांटी दिली की विटीदांडूतली ‘विटी’ हाती येते. अकारान्त नामातील उपान्त्य दीर्घ इकार रूप चालवताना ऱ्हस्व होतो, हा शुद्धलेखनाचा नियम मोठ्या माणसांनाही चकवतो; येथे मूल तो नियम शब्दांत न ऐकता एक पट्टी उचलून दुसरी ठेवते. ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या डावीकडे ठेवायची आणि उच्चार मात्र ‘व’नंतर करायचा, ही देवनागरीची अवघड खोडही बोटांनीच सोडवली जाते. उकार आणि मात्रा खाली-वर लागत असल्याने त्यांच्या पट्ट्या आडव्या कापून पत्त्याला चिकटून ठेवाव्या लागतात, एवढीच काय ती कारागिरी. दोन व्यंजने आणि तीन चिन्हे यांतून सात शब्द झाले, आणि त्यांतला एकही भट्टीवरच्या मुलाला अनोळखी नाही. यंत्रमागाच्या वस्तीत ‘माग’, ‘मागे’, ‘मागू’ यांपासून तसाच आरंभ करता येतो.

शासनाच्या पातळीवर साधनांचा विचार सावकाश आला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून निघालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान साहित्य देण्याचे ठरवले, आणि २००१ पासूनच्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यनिर्मितीसाठी वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. ५०० रुपयांत पुठ्ठा, कात्री, रंग आणि दोरा सहज येतो. तथापि अनुदान वस्तूसाठी असल्याने वस्तू मोजली जाई, आणि तपासणीच्या दिवशी भिंतीवर टांगलेले तक्ते दाखवले की काम भागत असे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप प्रवेशाची, म्हणजे मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवण्याची, तरतूद केल्यावर चौथी-पाचवीत असूनही वाचता न येणारी मुले अधिक स्पष्ट दिसू लागली.

त्यांच्याकडे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेकडे जाते. तिने मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमले, पुढे २००२ च्या सुमारास वाचन शिकवण्याची वेगवान पद्धत बसवली, आणि २००५ पासून ‘असर’ या पाहणीत मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट यांपैकी कोठवर वाचते हे घरोघर तपासले. या वेगवान पद्धतीत मुलांचे गट इयत्तेवरून न पाडता वाचनाच्या पातळीवरून पाडले जातात, ती जमिनीवर वर्तुळात बसतात, बाराखडीचा तक्ता मोठ्याने वाचतात आणि लगेच अक्षरपत्त्यांतून शब्द जुळवतात. सुधारकांनी घोकंपट्टी म्हणून शंभर वर्षे हिणवलेली बाराखडी अशी परत आली. ती आता पाठांतराचा श्लोक राहिली नव्हती, तर आडव्या-उभ्या ओळींत अक्षर शोधण्याचा नकाशा झाली होती. मुंबई आणि वडोदरा येथील बालसखी उपक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा त्या कामाचाही उल्लेख झाला.

भिवंडीला लागून असलेल्या वाडा तालुक्यात याच प्रश्नाचा अधिक खोल तपास झाला. अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या ग्राममंगल संस्थेत काम केलेले नीलेश निमकर यांनी २००७ साली सोनाळे येथे ‘क्वेस्ट’ ही संस्था सुरू केली, आणि वाचनात मागे राहिलेल्या मुलांसाठी ‘अनुपद’ हा कार्यक्रम आखला. भारतीय भाषांतील साक्षरतेचा जो दीर्घ अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१६ या काळात मराठी व कन्नड मुलांबाबत केला, त्यासाठी महाराष्ट्रातून वाडा हाच तालुका निवडला गेला. मुळाक्षरांची लांबलचक यादी आधी संपवायची आणि स्वरचिन्हे उशिरा आणायची, अर्थपूर्ण वाचन त्याहून पुढे ढकलायचे, या शिरस्त्यात पुष्कळ मुले वाटेतच थांबतात, असे त्या अभ्यासातून दिसले. थोडी व्यंजने आणि दोन-तीन चिन्हे पहिल्या आठवड्यांतच देऊन त्यांतून शब्द जुळवू द्यावेत, ही मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला आणि इतरांनी अन्यत्र धरलेली वाट यामुळे पक्की झाली.

ठाणे जिल्ह्याबाहेर, साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या समूहात, प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने वर्गाची जमीन रंगवून तीवर अक्षरांचे चौकोन आखले गेले, मुलांच्या उंचीवर तळफळे आले, बाटल्यांची झाकणे आणि खडे शिक्षणसाहित्य झाले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली. मात्र बोर्डीच्या पेटीचे जे झाले असते ते येथेही काही ठिकाणी झाले: चौकोन रंगले, झाकणांवर अक्षरे चिकटली, पण मुलाने जुळवलेला शब्द ऐकायला आणि चुकला तर पट्टी बदलू द्यायला कोणी शेजारी बसले नाही. धूळ, चिंचोके, पुठ्ठा आणि झाकणे यांपैकी कोणतेच साधन महाग नव्हते. या दोन शतकांत टंचाई होती ती शेजारी बसणाऱ्या माणसाच्या वेळेची, आणि तिच्यासाठी कोणत्याच अनुदानात स्वतंत्र रकाना नव्हता.

स्थलांतरित मुलांसाठी शासनाने अलीकडे ‘शिक्षण हमी कार्ड’ देण्याची रीत सुरू केली आहे. भट्टीवर किंवा उसाच्या फडावर निघालेल्या मुलाला ते मूळ शाळेकडून मिळते आणि ते दाखवून मुक्कामाच्या गावी शाळेत बसता येते. त्या कार्डावरून मूल कोणत्या इयत्तेत आहे ते कळते; ते ‘वीट’पर्यंत पोचले आहे की ‘विटा’पर्यंत, हे कळायला मात्र त्याच्यासमोर चार पत्ते आणि तीन पट्ट्या मांडून जमिनीवर बसावे लागते.